आडावर नाव घेत नाहीत

१

राजेश्रीची रविवारची सकाळ म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत डोकावण्याची. बाकीच्या बायका रविवारी उशिरा उठतात, केस धुतात, माहेरी फोन लावतात. परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही बाई मात्र दोर, जाळी आणि डब्यांची पिशवी गाडीत टाकून कुठल्या तरी खेड्याची वाट धरायची. जमिनीखालच्या पाण्यात, काळ्या खडकाच्या भेगांत राहणारे बारीक जीव शोधायचे हा तिचा नाद, आणि हेच तिचं संशोधन. तलम कापडाची निमुळती जाळी विहिरीच्या तळाशी सोडायची, गाळ जरा ढवळायचा, जाळी वर ओढायची आणि बुडाशी साचलेला चमचाभर ऐवज डबीत ओतायचा. गावोगावचे लोक तिला बोअरचं पाणी बघणारी समजत. ती किडे शोधते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा.

त्या रविवारी सोबत ईश्वरी होती, तिची सातवीतली एकुलती एक लेक. डबीत घालायची चिठ्ठी ईश्वरीने लिहायची हे घरात ठरलेलं. शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, हे तिला सांगावं लागत नसे.

गाव वालूरच्या पुढचं. गावाचं नाव इथे मुद्दामच घेतलेलं नाही. तिथे दत्तराव नावाच्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या मळ्यात एक जुना दगडी आड होता, अरुंद आणि खोल. भर मे महिन्यातसुद्धा त्याचं पाणी हटत नाही असं कळल्यामुळेच राजेश्री आली होती. दत्तरावांनी चहा पाजला, किड्यांचा अभ्यास करायला सरकार पगार देतं हे ऐकून पोट धरून हसले. आडापाशी गेल्यावर मात्र त्यांचं बोलणं आटलं. त्यांची बायको बबिता पाणी शेंदता शेंदता नवऱ्याला नुसतं ‘ओ’ म्हणत होती, जावेला ‘अगं’. राजेश्रीला वाटलं, जुनी रीत असेल. गोठ्याच्या सावलीला एक पन्नाशीचा माणूस पाठ करून बसला होता. शेतातल्या माणसाच्या मानाने तो फारच पांढरा दिसत होता. दत्तरावांनी टाळी वाजवली तसा तो उठला आणि दोर धरायला आला. मुकाबहिरा असणार, असं राजेश्रीने ठरवून टाकलं.

जाळी वर आली आणि तिची घाई झाली. आडाच्या तोंडाशी वाकूनच तिने हाक मारली, “ईश्वरी, डबी दे. अगं ईश्वरी!”

बबिताच्या हातून दोर सुटला. बादली खाली आदळली आणि तिचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. बबिताने पदर डोक्यावर ओढला आणि ती घराकडे निघून गेली.

परतताना सेलूच्या अलीकडे राजेश्रीच्या ध्यानात आलं, की आडात बादली घुमली होती, आपला खोकला घुमला होता, पण हाक घुमली नव्हती. वाऱ्यामुळे असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

२

त्या चमचाभर गाळात ते जीव होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, लांबट, पायांची रांग असलेले. झिंग्यांचे लांबचे भाऊबंद. डोळे नाहीत, अंगाला रंग नाही. पुढच्या मिशा मात्र लांब, कारण अंधारात चाचपडत जगणाऱ्याला तेवढाच आधार.

पुढचे कित्येक महिने राजेश्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पायाला किती सांधे, शेपटीला किती काटे, कोणता केस कुठून फुटतो, हे सगळं तिने ओळखीच्या जातींशी ताडून पाहिलं आणि चित्रं काढली. कशाशीच मेळ बसेना. बाहेरच्या तज्ज्ञांनीही मान्य केलं, की ही जात आजवर कुणी पाहिलेली नाही. त्या दिवशी राजेश्री स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. इतक्या वर्षांचं टोमण्यांचं ओझं उतरलं होतं.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिला विचार करावा लागला नाही. लेकीचंच नाव, फक्त लॅटिन वळणाने. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाव जातीला दिलं असं आपण म्हणतो खरं, पण ते टांगलेलं असतं एका जिवाला. सापडलेल्यांतला एक निवडायचा, वेगळ्या डबीत ठेवायचा आणि जाहीर करायचं, की हे नाव याचं. पुढे कधी कुणी वाद घातला तर निकाल त्या एका कलेवरावरून लागतो.

त्या डबीची चिठ्ठीही लेकीनेच लिहिली, जीभ दातांत धरून, ठसठशीत अक्षरात. मग प्रयोगशाळेच्या टेबलावर हनुवटी टेकवून ती डबीला म्हणाली, “मी ईश्वरी. आता तू पण ईश्वरी.”

योगीराज, म्हणजे राजेश्रीचा नवरा, तहसीलमध्ये कारकून होता. लोक पोरीच्या नावाने बंगला बांधतात आणि आमच्या घरी किडा निघाला, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. सांगताना त्याची छाती फुगलेली असायची.

३

शोधनिबंध छापून आला आणि दिवाळीनंतर शाळेतून तक्रार आली. मुलगी हजेरीला ओ देत नाही. बाईंनी बाकापाशी जाऊन नाव घेतलं तरी ढिम्म. खांद्याला हात लावला की दचकते. लाडावली असेल, असं योगीराज म्हणाला. राजेश्रीने आधी तिला रागावून पाहिलं, मग कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं आणि कान ठणठणीत आहेत म्हणून घरी पाठवलं.

घरी काय होत होतं ते राजेश्रीला हळूहळू उमगलं. ‘ईश्वरी, जेवायला ये’ म्हटलं की पोरीला ‘जेवायला ये’ तेवढं ऐकू यायचं. आधीच्या शब्दाच्या जागी काहीच नसायचं.

“कितीदा हाक मारली तुला?” तिने एकदा विचारलं.

“कुठं मारलीस? तू नुसतं तोंड हलवायलीस,” पोर म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

‘बाळा’ म्हटलं की ती वळायची. ‘ए सोन्या’ म्हटलं की यायची. त्यामुळे दिवस ढकलता येत होते. लेकरं वयात येताना काय काय करतात, असं राजेश्री स्वतःला समजावत होती. पण पोरगी उन्हात जाईनाशी झाली होती. दुपारी लाइट गेली तरी पडदे लावलेल्या खोलीत ती तशीच लिहीत राहायची. भिंतीला बोटं लावून चालायची. डोळे उघडे असताना.

शेवटी राजेश्रीने पाटीवर ठळक अक्षरात तिचं नाव लिहिलं आणि पाटी समोर धरली. हे कुणाचं नाव, असं विचारलं. मुलीने नीट वाचलं.

“तुझ्या किड्याचं,” ती म्हणाली.

४

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. भीती वाटली तरी ती तपासून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

कॉलेजला सुटी होती. प्रयोगशाळेत भर दुपारचं ऊन, फॉर्मालिनचा वास, पंख्याची खरखर. राजेश्रीने कपाट उघडलं आणि ती वेगळी डबी जागच्या जागी निरखली. आतल्या जिवाचं चित्र तिने स्वतः काढलेलं होतं, त्यामुळे तो कसा पडलेला असायचा हे तिला पाठ होतं. डोकं भिंतीकडे, शेपूट खोलीकडे. आता डोकं तिच्या खुर्चीकडे होतं. शिपायाने डबी हलवली असेल. जिंतूर रोडवरचे ट्रक जातात तेव्हा खिडक्याही थरथरतात. तिने ही कारणं एकेक करून मनाशी म्हटली आणि तिला ती पटलीही.

मग तिने तो जीव काचेच्या वाटीत, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला. ग्लिसरीन पाकासारखं दाट, त्यात पडलेली वस्तू आपसूक हलत नाही. तिने भिंगाला डोळा लावला आणि मोठ्याने नावं घ्यायला सुरुवात केली. पूर्णा. दुधना. गोदावरी. नद्यांचीच नावं आठवली तिला. काहीच झालं नाही. तिला हसू आलं. एवढी शिकली-सवरलेली बाई रिकाम्या खोलीत मेलेल्या किड्याला नद्यांची नावं सांगत होती.

मग तिने लेकीचं नाव घेतलं. हजेरी घेतात तसं नाही, संध्याकाळी अंगणातून घरात बोलावतात तसं.

तो वळला. घड्याळाचा काटा सरकावा इतक्या सावकाश. आधी मिशा फिरल्या, मग बिनडोळ्यांचं डोकं, मग बाकीचं अंग. वळून झाल्यावर तो पुन्हा निपचित झाला. मिशा तिच्या तोंडाच्या दिशेने ताणलेल्या होत्या. गेलं वर्षभर तो स्पिरिटमध्ये होता.

राजेश्रीने डबी बंद केली, कपाटाला कुलूप लावलं आणि ती जिन्यावर येऊन बसली.

५

तिने नियतकालिकाच्या संपादकांना कळवलं, की नाव मागे घ्यायचं आहे. उत्तर सभ्य होतं. एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही, ज्याने दिलं त्यालाही नाही, हा जुना नियम आपण जाणताच. ती जाणत होती. वर्गात तिने तो किती मुलांना शिकवला होता.

मग ती डबी पर्समध्ये घालून वालूरकडे निघाली. आडात ती रिकामी करायची आणि ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बबिता अंगणात तूर पाखडत होती. राजेश्रीला बघून तिचे हात थांबले. राजेश्रीने सगळं सांगितलं. बबिताने मधे एकदाही ‘काय सांगता’ म्हटलं नाही. आडावर नाव का घेत नाहीत, असं तिने विचारलं. बबिता म्हणाली, “आमच्या सासूबाई घेत नव्हत्या, म्हून आमी बी घेत न्हाई. तुमी घेतलं त्या दिवशी. आमाला वाटलं, शिकलेल्या मानसाला काय व्हतंय.”

गोठ्याच्या सावलीला तो पांढरा माणूस बसलेला होता, तसाच पाठ करून. राजेश्रीने त्याच्याबद्दल विचारलं. तेवढ्यात दत्तराव आले आणि खाटेवर बसले. आपला धाकटा भाऊ, असं त्यांनी सांगितलं. मुका न्हाई, बहिरा न्हाई. तरणा असताना आडातला गाळ काढायला उतरला होता आणि वरच्यांनी त्याला नावाने हाका मारल्या, दोर ओढू का म्हणून.

“काय नाव यांचं?” राजेश्रीने विचारलं.

दत्तरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

“काय व्हतं गं त्याचं?”

बबिता सुपाकडे बघत राहिली. सख्ख्या भावाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. दत्तराव ओशाळं हसले आणि त्यांनी टाळी वाजवली. तो माणूस उठला, भिंतीला बोटं लावत लावत आला आणि पाहुणीला पाण्याचा तांब्या देऊन परत जागेवर जाऊन बसला.

राजेश्री आडापाशी गेली, पण डबीचं झाकण तिच्याने उघडवेना. दत्तरावांच्या भावाचं नाव खाली गेलं आणि खालीच राहिलं. आपल्या पोरीचं नाव निदान आपल्या हातात आहे. ही डबी खाली गेली तर उद्या आपणही बबिताकडे बघून विचारू, काय व्हतं गं. तिने वाकून एकदाच आत पाहिलं. ऊन बरोबर डोक्यावर होतं आणि तळापर्यंत पोचत होतं. पाणी पांढरं दिसत होतं. ऊन पडल्यामुळे पांढरं, असं तिला वाटलं, तोच तो पांढरेपणा सबंधच्या सबंध तिच्या बाजूला वळला.

ती गाडीकडे कशी आली ते तिला नंतर आठवलं नाही.

६

घरी ‘बाळा’ही पोचेनासं झालं होतं. ‘सोन्या’ तर आठवडाभर आधीच गेलं. योगीराज शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आला, अंगारा लावला, डॉक्टर बदलून पाहिले. एका संध्याकाळी मुलगी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली वाकली होती आणि दोघांच्या हाका तिच्यापर्यंत जात नव्हत्या. योगीराजने न राहवून टाळी वाजवली. ती लगेच वळली आणि आज्ञाधारकपणे चालत आली.

राजेश्री नवऱ्यावर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडली. “या घरात टाळी वाजवायची न्हाई. काही झालं तरी न्हाई. ती आपली लेक हाय.”

योगीराज मान खाली घालून बसला. त्याला कळलं नव्हतं, पण पटलं होतं.

उपाय राजेश्रीला तिच्या कामातूनच सुचला. एकच नाव दोन जातींना चुकून दिलं गेलं, तर एकीला नवं नाव देतात. भांडत बसत नाहीत. तिने पोरीसमोर कागद ठेवला आणि लिहिलं, तुला कोणतं नाव आवडेल? पोरीने पेन्सिल घेतली, बराच वेळ विचार केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ओवी.

रविवारी त्यांनी दारं लावून बारसं केलं. घुगऱ्या शिजवल्या. योगीराजने बहिणीला बोलावलं नाही, म्हणून आत्याचं कामही त्यानेच केलं. पोरीच्या कानाला तोंड लावून नाव सांगितलं. मग तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेला आणि भीत भीत म्हणाला, “ओवी.”

“काय बाबा?” ती म्हणाली.

योगीराज मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. ते दिवस फार चांगले गेले. ओवी, ऊठ. ओवी, दूध पी. ओवी, रस्ता बघून ओलांड. गरज नसताना दोघं तिला हाका मारत, आणि ती वैतागून ओ देई. गालावर थोडा रंग आला होता. ती पडदे उघडू लागली होती.

तेवढ्यावर राजेश्रीने थांबायला हवं होतं. दुसरी कुठलीही आई थांबली असती, देवाला नारळ फोडून मोकळी झाली असती. पण ही पडली तपासून बघणारी. धोका टळला असं नुसतं वाटून तिला पुरेना. नव्या नावाने काही हलत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघावं आणि मग ते कपाट कायमचं बंद करावं, असं तिने ठरवलं. शुक्रवारी तास संपल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. त्या आडातून आलेले बाकीचे जीव दुसऱ्या डबीत होते. तेही तिने वाटीत घेतले, पहिल्याच्या शेजारी. भिंगाला डोळा लावला.

“ओवी,” ती म्हणाली. अगदी हळू. पण आईच म्हणत होती ते.

पहिला हलला नाही. त्याच्या शेजारचा हलला. मिशा फिरल्या, डोकं फिरलं, अंग फिरलं.

राजेश्री स्कूटर दामटत घरी आली. पोर ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती. तिने दारातूनच हाक मारली. पुन्हा मारली. गळा फाटेस्तोवर मारली. पोर शांतपणे पाणी पीत राहिली, आणि मग ग्लास खाली ठेवून भिंतीला बोटं लावत आतल्या खोलीत गेली.

७

त्यानंतर राजेश्रीने कुणाचंच नाव घेतलं नाही. नवं नाव सुचवायला योगीराजने तोंड उघडलं की ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची. वाटीत अजून जीव होते. नाव दिलं की ते मिळवणारा कुणी तरी तिथे होताच.

सोमवारी दुपारी ती पुन्हा प्रयोगशाळेत गेली. शिपायाला तिने घरी पाठवलं. सगळे जीव एका जाड काचेच्या नळीत घालायचे, नळी लाखेने बंद करायची आणि कपाटाच्या तळाशी ठेवायची, म्हणजे यापुढे त्यांच्या कानावर काही पडणार नाही, असा तिचा बेत होता. त्यांना कान नसतात हे तिला ठाऊक होतं. लेकीचं पहिलं नाव काय होतं हे तिला क्षणभर आठवेना, म्हणून तिने डबीतली चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढून वाचली. ठसठशीत, पेन्सिलीतलं अक्षर. वाचल्यावर डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा यायला हवा होता. आला तो पांढरा जीव.

कॉलेजात तिला सगळे मॅडम म्हणत. तिचं नाव घेणारं या इमारतीत कुणी नव्हतं. योगीराज तिथे कधी आलेला नव्हता, त्याला फॉर्मालिनच्या वासाने मळमळायचं. तिने फोन बंद करून पर्समध्ये ठेवलेला होता.

तिने वाटी भिंगाखाली सरकवली. शेवटचं बघून घ्यावं म्हणून. ते दोघे होते तिथेच होते, ज्या बाजूने त्यांना नावं मिळाली त्या बाजूला तोंड करून. बाकीचे वेडेवाकडे पडलेले होते. पंखा खरखरत होता. खोलीत दुसरा आवाज नव्हता, एवढी शांतता तिला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

कडेला पडलेल्या एकाच्या मिशा हलल्या.

तिने काहीही म्हटलेलं नव्हतं. ओठसुद्धा हलवले नव्हते. कुणीच काही म्हटलं नव्हतं. मिशा फिरल्या, मग डोकं, मग हळूहळू सगळं अंग फिरलं, आणि तो जीव तिच्याकडे नाही, तिच्या पाठीमागे, दाराकडे तोंड करून थांबला. थोड्या वेळाने तो पुन्हा थरथरला. मग पुन्हा. कुणी परत परत बोलावत असावं तसा.

ती ऐकत राहिली. पंख्याची खरखर, रस्त्यावरचा ट्रक, खिडकीचं थरथरणं. सगळं ऐकू येत होतं. मधे मधे फक्त एका शब्दाएवढी जागा मोकळी जात होती.

मग तिच्या पाठीमागे, दारात, कुणी तरी टाळी वाजवली.

ती मात्र तिला स्वच्छ ऐकू आली.